प्लास्टिक कोणतं होतं?

कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला शेवटी एक तक्ता जोडलेला होता. कामावर असताना शरीराचा कोणता भाग गेला तर माणसाची कमावण्याची ताकद किती टक्के घटली असं धरायचं, ते त्यात लिहिलेलं होतं. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के. मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. अनामिका किंवा करंगळीचं ५. हाड शाबूत राहून नुसता शेंडा गेला तर आणखी कमी. बोट पेटी वाजवणाऱ्याचं होतं की पाट्या टाकणाऱ्याचं, हे तक्ता विचारत नाही. त्याने विचारूही नये, नाहीतर निकाल कधी लागायचेच नाहीत.

टोनी आयोमीची बोटं मी एकदा या तक्त्यात बसवून पाहिली. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींचे शेंडे. फार तर १२ टक्के. ब्लॅक सबाथ या बँडचा हा गिटारवादक. त्या १२ टक्क्यांतून हेवी मेटल नावाचं संगीत निघालं असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

गोष्ट १९६५ ची, बर्मिंगहॅमची. पोरगं सतरा वर्षांचं, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणारं, आणि डावखुरं. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात उजवा. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आईने बजावलं, धरलेलं काम पुरं करून ये. गेला. पत्रा दाबायच्या यंत्रावरचा, म्हणजे प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर बसवलं. प्रेस खाली आली, याने हात ओढून घेतला, शेंडे आतच राहिले.

प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून दुसऱ्याला बसवलं. हे एवढंच वाक्य आमच्या नाशिकच्या कारखान्यांच्या भागात, सातपूर-अंबडमध्ये कुणालाही ऐकवा, पुढचं तो स्वतःच सांगेल. आमच्याकडे 'हात कापला' किंवा 'अपघात झाला' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'बोट गेलं' म्हणतात, जणू गावाला गेलंय.

माझ्या काकांची दोन गेली. मी तेव्हा शाळेत होतो. काका सातपूरला एका वेंडर शॉपमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या कारखान्यात, पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. जुन्या प्रेसला चावीचा क्लच असायचा. पायाने पेडल दाबलं की चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँक एक फेरा घेतो, रॅम म्हणजे वरचा दाबणारा भाग खाली येऊन वर जातो आणि थांबतो. चावी झिजली किंवा स्प्रिंग मेली की पाय काढून घेतला तरी रॅम थांबत नाही, आणखी एकदा खाली येतो. शॉपमध्ये याला डबल स्ट्रोक म्हणतात. काका त्या वेळी डायमधून, म्हणजे साच्यातून, तयार पीस काढत होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, एकेक पेर. तक्त्याप्रमाणे १६ टक्के.

काका आमच्या सिडकोतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. शिकलेले नव्हते, ऐकून बसवलेलं होतं. पण अभंगाच्या मागे पेटी कशी धरायची, गाणारा श्वास घेतो तिथे कुठे भरायचं, हे त्यांना उपजत होतं. बोटांची मलमपट्टी उतरल्यावर काही महिने ते मंडळात आलेच नाहीत. मग आले आणि टाळ घेऊन मागच्या ओळीत बसले. पेटी दुसऱ्याने धरलेली होती. कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आपल्याकडे असल्या गोष्टी अशाच उरकतात.

टोनीलाही डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं होतं. मग कारखान्याचा मॅनेजर घरी आला, एक रेकॉर्ड घेऊन. टोनीला गिटार ऐकायची इच्छाच नव्हती, त्याने आग्रह करून लावायला लावली आणि वाजून झाल्यावर सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतोय. तो जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने अख्ख्या युरोपातली जॅझ गिटार बदलली. मला या गोष्टीत मॅनेजरचं कौतुक वाटतं. माणूस कामाला लावला तिथे अपघात झाला, तर कुणीतरी घरी आलं आणि त्या माणसाला कशाची आवड आहे हे लक्षात ठेवून आलं. काकांकडेही माणसं आली होती. एक सहीसाठी आला होता.

पुढचं काम टोनीने स्वतः केलं, आणि मी टूलरूमचा, म्हणजे डाय बनवणारा माणूस असल्याने माझा जीव तिथेच अडकतो. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली त्याने वितळवली आणि गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं. मग तासणं, पॉलिशपेपरने घासणं, बोटावर चढवून बघणं, परत घासणं. टोपण बोटावर बसलं, पण तार त्यावरून घसरायला लागली. म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं कापून वरून चिकटवलं. आता तार धरली जायची, मात्र बोटाला तारेचा स्पर्श कळत नव्हता. किती जोर लावला ते फक्त कानाने ओळखायचं.

मग तारांचा प्रश्न. त्या काळी गिटारच्या तारा जाड यायच्या, त्या टोपणांनी दाबायला आणि ओढायला त्रास व्हायचा. बारीक तारा करून द्या म्हणून त्याने विचारणा केली, तर असलं काही विकलं जाणार नाही असं उत्तर आलं. त्याने बँजोच्या तारा आणून गिटारवर चढवल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून गिटार तीन सेमिटोन, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, उतरवून लावायला लागला. तार सैल, म्हणजे बोटावर ताण कमी. आणि आवाज खोल, जाड, चिखलातून येणारा. सगळी बोटं पसरून धरायचे मोठे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, जमत नव्हते, म्हणून दोन-तीन सुरांचे ठसठशीत कॉर्ड आले. आज जगभरातले मेटल बँड गिटार उतरवून लावतात, त्यांतल्या बहुतेकांची बोटं धडधाकट आहेत.

मला हे सगळं खूप नंतर कळलं. आधी आवाज आला. पॉलिटेक्निकला असताना ओझरच्या एचएएलच्या, म्हणजे विमान कारखान्याच्या कॉलनीतला एक मित्र होता. त्या कॉलनीत सगळ्या देशातून आलेली माणसं, त्यामुळे तिथल्या घरांत आमच्याकडे नसलेल्या वस्तू सापडायच्या. त्याच्या मोठ्या भावाच्या कॅसेट होत्या, कव्हरं हरवलेल्या, वर पेनाने नावं लिहिलेल्या. एका दुपारी त्याने ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम लावला. पाऊस, घंटा, आणि मग ती तीन सुरांची रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा तुकडा. मित्राला वाटलं मी घाबरेन. मला मात्र ते ओळखीचं वाटलं, आणि का वाटलं ते सांगायला बरीच वर्षं लागली.

एक कारण ढोल. नाशिकमध्ये वाढलेल्या पोराला खर्जाचं भय नसतं. विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुने वाडे, आणि ढोलाचा ठोका कानाआधी बरगड्यांत बसतो. गाण्याचा अर्थ छातीतून कळतो हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं म्हणणारे माझे काही नातेवाईक त्याच मिरवणुकीत तासन् तास उभे असतात. असो.

दुसरं कारण पेटीतून आलं. ती रिफ पेटीवर वाजवून बघा: खालचा सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. एवढंच. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातलं सहा सेमिटोनचं अंतर जुन्या युरोपात अशुभ मानलं जायचं, त्याला सैतानाशी जोडलेलं नाव होतं. बँडचा बेसवाला गीझर बटलर हा होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या मंगळ ग्रहावरच्या रचनेचा चाहता होता, तिचे सूर तो वाजवत बसायचा, त्यातून टोनीला ही रिफ सुचली. आमच्या घरी हाच मध्यम काकांच्या पेटीवर रोज दिवेलागणीला यमनात यायचा आणि कुणाला सैतान आठवायचा नाही. मारव्यात तो येतो तेव्हा पंचमाचा आधारही नसतो, संध्याकाळ अंगावर येते. तेव्हा कॅसेटवरच्या त्या सुराने मला जे झालं ते भय नव्हतं, हुरहूर होती. बर्मिंगहॅमच्या पोरांनी तोच सूर संथ केला, जाड केला आणि मध्ये भरपूर रिकामी जागा सोडली.

इथे एक आडवळण घेतो, कारण नाशिकचा विषय निघालाय. पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम होता. गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये लाहोरला काढणारा हा माणूस उतारवयात नाशकात येऊन राहिला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये इथेच जन्मले. विष्णु दिगंबर गाण्याकडे वळले ते लहानपणी दत्तजयंतीला फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून. वाचन-लेखनाची वाट बंद झाली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं गेलं. पलुस्कर आणि आयोमी यांना एका परिच्छेदात बसवल्याबद्दल दोन्हीकडचे लोक मला धरतील. धरू देत.

त्या अल्बमचं ध्वनिमुद्रण १६ ऑक्टोबर १९६९ ला, साधारण एका दिवसात उरकलं. टोनीच्या नेहमीच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, सुरुवातीलाच बिघडला, म्हणून बाजूला ठेवलेली गिब्सन एसजी ही दुसरी गिटार उचलली आणि पुढे आयुष्यभर तीच त्याची ओळख झाली. अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, मुद्दाम शुक्रवार बघून. समीक्षकांनी धुतला. लोकांनी इंग्लंडात आठव्या क्रमांकावर नेला. हे चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातले, कारखान्यांच्या सावलीतले. ऑझी ऑस्बर्न काही काळ गाड्यांचे हॉर्न ट्यून करायचं काम करत होता, नंतर कत्तलखान्यात. कारखान्यात राबणाऱ्या घरांतल्या पोरांचं हे संगीत होतं, प्रेमाची फुलं उधळणाऱ्या त्या काळात त्यांनी जे रोज ऐकलं ते वाजवलं. गरवारे पॉईंटवरून रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना शॉपमधला ठोका डोक्यात चालू राहतो. हेडफोनमध्ये ही मंडळी असली की दोन्ही ठोके जुळतात. माझ्यापुरतं रॉकचं सांस्कृतिक महत्त्व वगैरे तिथे सुरू होतं.

टोनीच्या बोटांच्या गोष्टीचे फोटो-सुविचार हल्ली फिरतात. 'दोन बोटं गेली, तरी तो हरला नाही.' मला त्यांचा राग येतो. काकाही हरले नव्हते. त्यांना सोमवारी ड्युटी होती. दोन मुलं, सिडकोच्या घराचा हप्ता, आणि तिशी उलटलेली. सतरा वर्षांच्या पोराकडे बाटली वितळवत बसायला जो वेळ असतो तो त्यांच्याकडे नव्हता. जिद्द सगळ्यांकडे असते हो, सवड नसते. या गोष्टीतून 'मनात आणलं तर' असला अर्थ काढणाऱ्याने एकदा पीस रेटवर, म्हणजे नगावर पैसे मिळतात त्या कामावर, आठ तास उभं राहावं.

मी टोनीकडून जे घेतलं ते वेगळं आहे आणि कामाचं आहे. हात जसा आहे तसा धरायचा आणि बाकी सगळं बदलायचं: टोपण, तार, लावलेला स्वर, कॉर्ड. आम्ही टूलरूमवाले नेमकं उलट करतो. डाय ठरलेला, मशीन ठरलेलं, प्रॉडक्शन ठरलेलं; मग राहिला ऑपरेटर, त्याने जुळवून घ्यायचं. प्रेसवर दोन्ही हातांची बटणं असतात, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बाहेर राहावेत. कितीतरी ठिकाणी एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं दिसतं. सुपरवायझर म्हणतो, ऑपरेटर बेफिकीर आहेत. ऑपरेटरला विचारलं तर कळतं की बटणं इतकी लांब बसवलीत की दिवसाला हजारोंनी पीस काढताना खांदे भरून येतात. चूक कुठे आहे? मी नोकरीत जुना झाल्यावर डाय काढायच्या आधी खाली जाऊन ऑपरेटरचा हात पीस कसा उचलतो ते बघायला लागलो. पीस बोटांऐवजी चुंबकाने उचलता येईल का, डायला उतार देऊन आपोआप खाली घसरेल का, हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, लाइट कर्टन, बसवायला जागा आहे का. कागदावर हे सगळं आधीपासून होतं. १९४८ च्या कारखाने कायद्याचं २१ वं कलम यंत्राला कुंपण घालण्याबद्दलच होतं. पण कलम वाचून मी कधी खाली गेलो नव्हतो. मॅनेजर लोक मला किचकट समजतात, आणि ते खरंच आहे.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सबाथचा शेवटचा कार्यक्रम झाला. मूळचे चौघे एकत्र, ऑझी उभं राहता येत नसल्याने सिंहासनावर बसून. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. थेट प्रक्षेपण दोन तास मागे होतं, त्यामुळे आमच्याकडे सबाथ स्टेजवर येईपर्यंत पहाट झाली. ती पहाट आषाढी एकादशीची होती. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरात पोचलेली, आणि काका आंघोळ करून, गंध लावून मंदिरात जायच्या तयारीत. समोरच्या खोलीत उजेड दिसला म्हणून डोकावले.

"झोपला नाहीस का रे?"

मी आवाज कमी केला. पडद्यावर टोनी होता, सत्त्याहत्तर वर्षांचा, काळ्या कपड्यांत, दगडासारखा स्थिर. काकांनी चष्मा सारखा केला.

"बोटांत काय घातलंय त्याने?"

मी गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. इतकी वर्षं का सांगितली नव्हती कुणास ठाऊक; त्यांच्यासमोर ती सुविचारासारखी वाजेल अशी धास्ती असावी. काकांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं,

"प्लास्टिक कोणतं होतं?"

"भांड्यांच्या साबणाची बाटली, काका."

"ते कळलं. पण माल कोणता? वितळला म्हणतोस, म्हणजे बेकेलाइट नसणार. चामडं कशाने चिकटवलं? घाम आल्यावर फिरत नाही?"

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. गाण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. जाता जाता दारातून म्हणाले, "चाल संथ आहे. बरी आहे." टाळ घेऊन गेले.

त्या आठवड्यात मी कंपनीत उरलेल्या डेलरिनच्या, म्हणजे एका कडक प्लास्टिकच्या रॉडमधून लेथवर दोन टोपणं काढली. काका पेटी खाली काढतील असं वाटलं नव्हतं, पण काढली. भाता जुना, एक सूर चिकटलेला. टोपणं घालून सा-रे-ग-म केलं आणि लगेच थांबले. "पट्टीवर टकटक वाजतंय. अभंगात चालायचं नाही हे." बरोबरच होतं, सुरापेक्षा टकटक मोठी होती. तेव्हापासून तर्जनीचं टोपण ते अडकित्त्याने सुपारी कातरताना घालतात आणि त्या कामाला ते उत्तम आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मधल्या बोटाचं सापडत नाही.

पेटी मात्र परत माळ्यावर गेलेली नाही. परवा काकांनी स्वतः मापाचा व्हर्नियर मागितला, बोटांची मापं घेतली आणि माझ्या वहीत लिहून दिली: तर्जनी १४ मिलिमीटर, मधलं १४.५, दोन्हीला पाव मिलिमीटर ढिलं. या वेळी नुसतं चामडं, आत प्लास्टिक नको. पातळ हवं पण मऊसूत नको, पट्टीला ओढ बसते. भद्रकालीत एक चपला शिवणारा आहे, तो असलं बारीक काम करून देतो, रविवारी त्याच्याकडे जायचंय. आणि दोन जोड कर म्हणाले, एक हरवतंच.